नेट गेलंय, पण कुठे?

मागच्या शनिवारी धसईला गेलो होतो. धसई म्हणजे मुरबाड तालुक्यातलं, गोरखगडाच्या वाटेवरचं गाव. मुरबाडहून म्हसा, पुढे धसई, तिथून देहरी, आणि मग गडाची चढण. ज्यांनी गोरखगड केलाय त्यांनी धसईच्या नाक्यावर चहा नक्की मारला असणार. माझं तिथे आजोळ आहे. मामाचं किराणामालाचं दुकान आणि त्याच्याच मागे घर.

आयटीत नोकरी करणाऱ्या भाच्याचा आजोळी एकच उपयोग असतो. मी आयुष्यातली बारा वर्षं जावामध्ये कोड लिहिण्यात घालवली, मला वायरीतलं काही कळत नाही, वगैरे सांगून काहीही फरक पडत नाही. "इंजिनियर ना तू? मग बघ की!" झालं.

तर प्रॉब्लेम असा होता. दुकानात बिलं करायचा डेस्कटॉप आहे आणि त्याला प्रिंटर जोडलाय. आत घरात मामेबहिणीचा लॅपटॉप. तिला सोमवारी कॉलेजात प्रोजेक्ट छापून द्यायचा होता. पूर्वी लॅपटॉपवरून सरळ दुकानातल्या प्रिंटरवर छापलं जायचं. दिवाळीपासून ते बंद. लॅपटॉपला डेस्कटॉप दिसतच नाही. मामाचं निदान तयार होतं, "नेट नाय."

पण गंमत अशी, की नेट होतं. लॅपटॉपवर मस्त व्हिडिओ चालू होता, डेस्कटॉपवर जीएसटीचं पोर्टल उघडत होतं. दोन्ही यंत्रं साता समुद्रापलीकडच्या सर्व्हरशी गप्पा मारत होती, फक्त भिंतीपलीकडच्या एकमेकांशी बोलत नव्हती. भाऊबंदकी म्हणतात ती हीच. :)

आता "नेट नाही" हे वाक्य तुम्ही-आम्ही रोज म्हणतो. ते निदान नाहीच, ती हात झटकायची पद्धत आहे. दोष कुठेतरी लांब आहे, आपल्या हातात काही नाही, सबब चहा घ्या. माझ्या मते नेटवर्कचा गेल्या चाळीसेक वर्षांचा इतिहास म्हणजे ह्या एका वाक्याशी झालेली झटापट आहे. "नक्की कुठे तुटलंय?" हा प्रश्न यंत्राला विचारता यावा म्हणून काही लोकांनी काय काय केलं, त्याची गोष्ट. ती धसईशी येऊन कशी भिडते ते पुढे सांगतोच.

सुरुवात १९८३ पासून करू. त्या वर्षी १ जानेवारीला अमेरिकेतल्या अर्पानेट ह्या जाळ्याने आपली जुनी भाषा टाकून टीसीपी/आयपी स्वीकारली. आज आपण जी वापरतो तीच. त्याच वर्षी डिसेंबरात माइक म्यूस नावाचा गृहस्थ अमेरिकन लष्कराच्या एका संशोधन प्रयोगशाळेत बसला होता आणि त्याचं नेटवर्क विचित्र वागत होतं. त्याने एका संध्याकाळीत साधारण हजार ओळींचा प्रोग्राम लिहिला. पलीकडच्या यंत्राला एक छोटा निरोप पाठवायचा, "आहेस का?" पलीकडून तोच निरोप परत आला तर किती वेळात आला ते मोजायचं. पाणबुडीच्या सोनारचा आवाज असतो तसं त्याने नाव ठेवलं, पिंग.

मराठीत ह्याला फार छान शब्द आहे. हाकेला ओ. आपण दारातून हाक मारतो, आतून "ओ" येते. ओ आली की कळतं, माणूस घरात आहे, जागा आहे आणि मधली वाट मोकळी आहे. एका हाकेत तीन गोष्टी! म्यूस २००० साली मोटार अपघातात गेला. त्याची ती संध्याकाळ आजही जगातल्या जवळपास प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये आहे.

पिंगची खरी खुबी क्रमात आहे. आधी स्वतःला हाक मारायची (१२७.०.०.१ हा पत्ता म्हणजे "मी स्वतः"), मग घरातल्या राउटरला, मग शेजारच्या यंत्राला, मग बाहेरच्या जगाला. जिथे ओ यायची थांबते तिथे खणायचं. आपण मात्र उलट्या टोकाने सुरू करतो.

म्हणून मी दोन्ही यंत्रांना आधी त्यांचे पत्ते विचारले. डेस्कटॉप म्हणाला १९२.१६८.१.२०. लॅपटॉप म्हणाला १९२.१६८.०.१०५. एक पायरी वर चढायच्या आतच निम्मा चोर सापडला होता, पण तो समजायला पुन्हा थोडा इतिहास लागतो.

इंटरनेटचे मूळ पत्ते ३२ बिटांचे, म्हणजे एकूण साधारण ४३० कोटी. नव्वदीच्या सुरुवातीला लोकांच्या लक्षात आलं की हे पुरणार नाहीत. मग तोडगा असा निघाला की काही पत्ते खासगी ठरवायचे, जे घरोघरी तेच ते पुन्हा वापरले तरी चालतील. फेब्रुवारी १९९६ मध्ये हे लिखित स्वरूपात पक्कं झालं. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यातलेच. "मारुतीच्या देवळामागे" हा पत्ता जसा महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावात असतो आणि फक्त त्या गावापुरताच खरा असतो, तसंच हे. बाहेर जाताना राउटर आपला एकच खरा पत्ता पाकिटावर टाकतो आणि आत आलेली उत्तरं ज्याची त्याला वाटून देतो.

दुसरी गोष्ट शेजाऱ्याला शोधायची. १९८२ च्या नोव्हेंबरात डेव्हिड प्लमरने एक पद्धत मांडली. एखादा पत्ता कुणाच्या यंत्राचा आहे हे माहीत नसेल तर सगळ्या जाळ्यावर ओरडायचं, "हा पत्ता कुणाचा रे?" ज्याचा असेल तो उत्तर देईल. ही सरळसरळ दवंडी झाली. घरातली यंत्रं, प्रिंटर वगैरे एकमेकांना दिसतात ते बहुतेक अशाच दवंड्या पिटून. पण दवंडीचा एक नियम असतो, ती वेशीबाहेर जात नाही. आणि राउटर म्हणजे वेस.

आता मामाच्या घराकडे बघा. दिवाळीत फायबरची लाइन आली तेव्हा नवीन डबा बसला. जुना राउटर टाकून कसा द्यायचा, म्हणून "आतल्या खोलीत रेंज येईल" ह्या हिशोबाने तो माळ्यावर जोडला. तोही राउटरच, त्यानेही आपली वेस घातली आणि आपले वेगळे पत्ते वाटायला घेतले. एका घरात दोन गावं! वरच्या गावातला लॅपटॉप दवंडी पिटतोय आणि खालच्या गावातल्या डेस्कटॉपला ती ऐकूच येत नाही. बाहेर जायची वाट दोघांनाही होती, म्हणून इंटरनेट मात्र झकास.

जुन्या राउटरचं पत्ते वाटायचं काम बंद केलं, त्याच्या बाहेरच्या भोकातली वायर काढून आतल्या भोकात घातली. दोन्ही यंत्रं एका गावात आली. हाक मारली. ओ नाही!

इथे बहुतेक लोक कंटाळतात, मीही कंटाळलो होतो. पण ओ न येण्याचे दोन अर्थ असतात. माणूस घरात नाही, किंवा घरात आहे पण दार उघडत नाहीये. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा किडा जगभरच्या विंडोज यंत्रांत घुसला. त्यानंतर वर्षभराने, ऑगस्ट २००४ मध्ये, विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून फायरवॉल आपोआप चालू येऊ लागली. तेव्हापासून आपली यंत्रं अनोळखी हाकेला ओ देत नाहीत. दिवाळीत नवा डबा बसला तेव्हा डेस्कटॉपने विचारलं असणार, हे जाळं घरचं की सार्वजनिक? कुणीतरी काहीतरी दाबलं. तेव्हापासून तो बिचारा स्वतःच्या घरात एसटी स्टँडवर बसल्यासारखा बॅग छातीशी धरून बसला होता. त्याला सांगितलं, बाबा, हे घर आहे. लगेच ओ आली.

हे सगळं चालू असताना मामा मागे उभा राहून बघत होता. पिंग म्हणजे काय ते मी त्याला हाकेचं उदाहरण देऊन सांगितलं होतं. तो एकदम म्हणाला, "आमच्या स्वाइप मशीनला अशी हाक मारता आली असती तर बरं झालं असतं रे."

तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटबंदी झाली आणि १ डिसेंबर २०१६ ला धसई हे महाराष्ट्रातलं पहिलं 'कॅशलेस' गाव म्हणून जाहीर झालं. तेव्हाचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार आले होते, टीव्हीवाले आले होते. दुकानादुकानांत कार्ड स्वाइप करायची यंत्रं बसली. आणि नंतरच्या काळात बातम्या आल्या की धसईत पुन्हा रोखीनेच व्यवहार चाललेत, नेटवर्कची रड आहे.

त्यातली एक बातमी मी तेव्हा घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली होती. खाली लिहिलं होतं, "टेक्नॉलॉजी देऊन काय होतं, मानसिकता बदलायला हवी." पुण्यात एसीत बसून. त्या ग्रुपवर मामाही होता. तो काही बोलला नव्हता.

शनिवारी बोलला. पाड्यावरचे एक आजोबा आले होते, ६४० रुपयांचं सामान घेतलं, नवं कोरं कार्ड दिलं. यंत्र बराच वेळ फिरत राहिलं आणि व्यवहार झाला नाही म्हणालं. मामाने पुन्हा स्वाइप केलं, ह्या वेळी पावती आली. तेवढ्यात आजोबांच्या मोबाइलवर दोन मेसेज, ६४० दोनदा कापले. मदतीच्या नंबरवर फोन केला तर उत्तर मिळालं, "तुमच्याकडे रेंज नसेल."

ह्या एका प्रसंगात नेटवर्कच्या इतिहासातले दोन मोठे धडे आहेत, आणि दोन्ही मला पुस्तकातून माहीत होते. म्हणून जास्त ओशाळल्यासारखं झालं.

पहिला धडा १९८६ चा. त्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचं विद्यापीठ ह्यांच्यातला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून चाळीस बिटांवर आला. अंतर किती? ४०० यार्ड! पायी चालत जाऊन निरोप दिला असता तर लवकर पोचला असता. व्हॅन जेकबसन नावाच्या माणसाने शोध घेतला, तेव्हा कळलं की वायर कुठेच तुटलेली नाही. गर्दीमुळे उत्तर उशिरा येत होतं, उत्तर आलं नाही म्हणून प्रत्येक यंत्र तेच पुन्हा पाठवत होतं, त्याने गर्दी आणखी वाढत होती. प्रत्येक जण आपापल्या परीने बरोबर, आणि सगळे मिळून जाळं बंद. जेकबसनने १९८८ मध्ये उपाय मांडला. उत्तर येत नसेल तर जोर लावू नका, दमाने घ्या, थोडं थोडं पाठवून वाट कशी आहे ते अजमावा. तो उपाय आज तुमच्या फोनमध्येही चालू आहे. मराठीत नेट लावणे म्हणजे जोर लावणे, पण नेटवर्कला नेट लावून चालत नाही, असा हा विरोधाभास.

पाड्यापाड्यांच्या बाजारपेठेत एकाच वेळी बसलेली यंत्रं, मोबाइल टॉवरवरची गर्दी, आणि अडकलं की पुन्हा स्वाइप. आपणही तेच करतो ना? पेमेंट अडकलं की बोट परत त्याच बटणावर.

दुसरा धडा त्याहून जुना. कार्ड स्वाइप केल्यावर निरोप यंत्रातल्या सिममधून टॉवरला, तिथून दुकानदाराच्या बँकेला, मधल्या स्विचला, ग्राहकाच्या बँकेला जातो आणि त्याच वाटेने उत्तर परत येतं. समजा ग्राहकाच्या बँकेने पैसे कापले आणि परतीचं उत्तर वाटेत हरवलं. तर दुकानातल्या यंत्राला काय कळणार? "निरोप पोचलाच नाही" आणि "निरोप पोचला पण ओ हरवली" ह्या दोन गोष्टी त्याला अगदी सारख्याच दिसतात.

१९७५ मध्ये तीन संशोधकांनी हे कोडं मांडलं, आणि १९७८ मध्ये जिम ग्रे ह्या डेटाबेसवाल्याने त्याला दोन सेनापतींचं रूप दिलं. धसईत बसून ते समजून घ्यायला फार सोपं आहे, कारण समोर गोरखगड आणि मच्छिंद्रगड शेजारी शेजारी उभे आहेत. कल्पना करा, एका गडावर एक सरदार, दुसऱ्यावर दुसरा, मधल्या दरीत शत्रू. दोघांनी एकाच वेळी हल्ला केला तरच जिंकणार. पहिला जासूद पाठवतो, "उद्या पहाटे." जासूद पोचला का? दुसरा उलट जासूद पाठवतो, "कळलं." पण तो पोचला का? मग "कळलं हे कळलं" असा तिसरा जासूद. हे कधीच संपत नाही. वाटेवर भरवसा नसेल तर कितीही निरोप पाठवले तरी दोघांची पूर्ण खात्री होणं अशक्य आहे, हे सिद्ध झालेलं आहे. अवघड नाही, अशक्य.

मग बँका काय करतात? त्या खात्रीचा नाद सोडतात आणि हिशोब नंतर जुळवतात. यंत्र उलट निरोप पाठवतं, मागचा व्यवहार रद्द समजा म्हणून. तोही हरवला तर दोन्हीकडच्या वह्या नंतर ताडून बघतात आणि जास्तीचे कापलेले परत देतात. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने ह्याला मुदत घातली. दुकानात कार्ड वापरलं, पैसे कापले पण दुकानदाराला पोचपावती आली नाही, तर व्यवहारानंतर ५ दिवसांच्या आत पैसे आपोआप परत, नाहीतर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. दोष कुणाचा हे ग्राहकाने सिद्ध करायची गरज नाही.

आणि ३ जानेवारी २०२२ ला त्याच रिझर्व्ह बँकेने इंटरनेटशिवाय होणाऱ्या छोट्या पेमेंटसाठी नियम काढले, सुरुवातीला एका वेळी २०० रुपयांपर्यंत. वाट नेहमी चालू असेल हे गृहीत धरू नका, ह्याची ती सरकारी कबुली म्हणायला हरकत नाही. खरं तर हे आपल्याकडे आधीच एकदा शिकून झालं होतं. कोल्हापूरकडच्या वारणा परिसरात १९९८ मध्ये ७० गावांसाठी कॉम्प्युटरचं जाळं उभारलं गेलं, उसाचे हिशोब शेतकऱ्याला गावातच मिळावेत म्हणून. पुढे कॉम्प्युटर सांभाळणं जड जाऊ लागलं, तेव्हा संशोधकांनी २००६ च्या सुमारास काही गावांत तीच माहिती साध्या मोबाइलवर एसएमएसने देऊन बघितली. एसएमएस थांबतो. फोन बंद असला तर तो केंद्रात वाट बघत बसतो, आणि फोन चालू झाला की येतो. जिथे वाट कधी असते कधी नसते तिथे थांबू शकणारा निरोप चालतो.

धसईचं २०१६ मध्ये झालं ते असं. यंत्र आलं, पण नक्की कुठे अडलं हे दुकानदाराला विचारता येईल असं त्यात काहीच नव्हतं. साखळीत पाच-सहा कड्या, आणि दोष द्यायला कायम शेवटची. टॉवरवाला म्हणणार बँक, बँक म्हणणार रेंज, आणि पुण्यातला भाचा म्हणणार मानसिकता! मीसुद्धा एकही हाक न मारता निदान केलं होतं. नोकरीत एखाद्या ज्युनियरने असं केलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

"मग त्या आजोबांचं काय झालं?" मी विचारलं.

मामाने गल्ल्याखालून जुनी उधारीची वही काढली. २०१६ चा डिसेंबर उघडला. एका ओळीत लिहिलं होतं, "मशीन, ६४०." त्या दिवशी त्याने गल्ल्यातून ६४० रुपये रोख काढून आजोबांच्या हातावर ठेवले होते. बँक कधी परत करेल, करेल की नाही, काही माहीत नसताना. "आता ते कुठं बँकेत खेपा घालणार होते?" मामा म्हणाला.

त्या ओळीवर आडवी रेघ मारलेली होती. आठवड्याभराने आजोबांच्या खात्यात पैसे परत आले, तेव्हा ते पाड्यावरून चालत आले आणि ६४० रुपये मामाला परत देऊन गेले. कुणी मागितले नव्हते.

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं नव्हतंच काही. गल्ल्यावर आता क्यूआर कोडचा स्टिकर आहे आणि त्याच्या शेजारी ती वहीही आहे. तिच्या शेवटच्या पानावर मी मामाच्या सांगण्यावरून सगळं लिहून दिलं. राउटरचा पत्ता, डेस्कटॉपचा पत्ता, आणि हाका मारायचा क्रम. आधी स्वतः, मग राउटर, मग शेजारी, मग बाहेर. खाली मामाने आपल्या अक्षरात जोडलं, "मग केबलवाल्याला फोन."

असो. प्रोजेक्टची ४२ पानं छापून झाली. एकेचाळिसाव्या पानावर शाई संपत आली होती, पण ते माझ्या खात्यात येत नाही. :)